जाळीखालची मेढ

भूत म्हटलं की लोक लगेच अमावस्या धरून बसतात. पिंपळ, घुबड, कुत्र्याचं रडणं...

ही गोष्ट तसली नाही.

ही दुपारची आहे. वैशाखातल्या टळटळीत दुपारची. जागा साखऱ्याच्या शिवारातली, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.

आणि ही घडलेली आहे. माझ्या शब्दावर जाऊ नका. मी हिंगोलीत मोबाईल दुरुस्त करणारा माणूस, रोज गिऱ्हाइकांना ‘संध्याकाळी देतो’ म्हणून फिरवतो. पण जिच्यासोबत हे घडलं ती माझी मावसबहीण सत्यशीला. ती खोटं बोलत नाही. म्हणजे बोलायला गेली तरी तिला जमत नाही, कान लाल होतात.

आणखी एक सांगून ठेवतो. आमच्या घरात अंगारा-धुपारा चालत नाही. उतारा नाही, देवऋषी नाही. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बस. कुणाच्या अंगात आलं म्हणे, तर आमची माणसं आधी ताप बघतात.

म्हणून तर जास्त भीती वाटते. दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर मीच खो खो हसलो असतो.

सत्यशीला टेनिसची कोच. हिंगोली जिल्ह्यात टेनिसची कोच म्हणजे माळावरचा नावाडी, असं मी तिला चिडवायचो. वसतिगृहात राहून संभाजीनगरला शिकली, विद्यापीठाकडून खेळली, मग गुडघा गेला आणि गावाकडं परतली. लग्न केलं नाही. भाऊ आणि वहिनी पुण्याला कामाला, त्यांची पोरगी दीक्षा हिच्याजवळ. तेरा वर्षांची, हाडकुळी, डोळे टपोरे. हातात रॅकेट आली की पोरगी कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

सत्यशीलेचा सगळा जीव त्या पोरीत. आपलं गुडघ्यापाशी अडलं, ते हिनं पुढं न्यावं. पुण्याच्या चांगल्या अकादमीत पोरगी जावी. झोपेतसुद्धा तिला दुसरं काही दिसत नसे.

आणि मग परमेश्वररावांना खूळ लागलं.

परमेश्वरराव म्हणजे साखऱ्याचे मोठे जमीनदार. हळदीच्या व्यापारात हात धुऊन घेतलेला माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मनानं तसा वाईट नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी टीव्हीवर ती पॅरिसची टेनिस स्पर्धा बघितली. लाल मातीचं कोर्ट, घसरत जाणारे खेळाडू, टाळ्या. झालं! असं कोर्ट आपल्या रानात पाहिजे.

गाव म्हणालं, मालकाला ऊन लागलं.

पण त्यांनी करून दाखवलं. सत्यशीलेला बोलावून घेतलं, वीटभट्टीवरून विटांची भुकटी आणली, आणि जागा निवडली ती रस्त्याकडेची.

तीच जागा काहून? तर ऐका.

आपली जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण त्या रानात मधोमध एक तुकडा होता... गोल, भाकरीसारखा. त्याला भेग म्हणून पडत नव्हती. पेरलं तर उगवत नव्हतं. पाऊस पडला तरी चिखल होत नव्हता.

“देवानं कोर्टासाठीच राखून ठेवलं बघा मॅडम,” परमेश्वरराव म्हणाले.

त्या गोलाच्या बरोबर मध्ये एक खुंट होता. जुन्या बाभळीचा, जमिनीत गाडलेला. जेसीबीनं उपटायला बघितलं. दात घसरायचे, खुंट हलायचा नाही. मग मिस्त्रीनं तो वरून कापला.

“मॅडम, बुडखा आत पक्का हाय. आन् बराबर तुमच्या जाळीच्या मध्यावर येऊन राहिला. हूक ह्याच्यातच ठोकू का?”

टेनिसच्या जाळीला मधोमध एक पट्टा असतो. जाळी खाली ओढून धरायला तो जमिनीतल्या हुकाला बांधतात. हूक पक्का लागतो.

“ठोका,” सत्यशीला म्हणाली.

ठोकला.

कोर्ट मोठं देखणं झालं. काळ्या रानात लाल चौकोन, पांढऱ्या रेषा. लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. सत्यशीलेनं कौतुकानं आपल्या आईला दाखवायला आणलं. तिची आई म्हणजे माझी मावशी, पंचफुला.

मावशी फाटकापाशी आली आणि थांबली.

तिनं पायातल्या चपला काढल्या.

“माय, चपला काहून काढू राहिली? इथं बूट घालूनच खेळतात,” सत्यशीला हसली.

मावशी जाळीच्या मध्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हे तर खळं हाय.”

“असेल पहिले.”

“त्याच्या मेढीला तुमी जाळी बांधली व्हय?”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. मळणीयंत्रं यायच्या आधी कणसं खळ्यात टाकून बैलांच्या पायाखाली तुडवायचे. खळ्याच्या मध्ये रोवलेला खांब म्हणजे मेढ. तिला बांधलेली बैलांची रांग म्हणजे पात. पात गोल गोल फिरायची, आणि मागं एक माणूस दोर धरून, बैल हाकत, तोही गोल गोल फिरायचा. काम भर उन्हात चालायचं, कारण उन्हात कणीस लवकर सुटतं.

मावशी परत फिरली. जाता जाता एवढंच म्हणाली, “शीले, दुपारची पोरीला इथं ठेवू नको.”

“का गं?”

“सांगितलं तेवढं ऐक.”

सत्यशीलेला वाटलं, उन्हाचं म्हणत असेल.

तसाही दुपारी सराव नसायचाच. सकाळी खेळ झाला की कोर्टावर पाणी मारायचं, गोणपाट ओढून माती सारखी करायची, फाटकाला कुलूप लावायचं. ऊन कलल्यावर परत यायचं.

एके दिवशी कुलूप उघडलं... आणि सत्यशीला जागीच उभी राहिली.

सकाळी आरशासारखी केलेली माती तुडवलेली होती.

एक मोठा गोल. जाळीच्या मध्यापासून सगळीकडून सारखा लांब. त्यात खुरांचे ठसे. आणि खुरांच्या मागं... अनवाणी माणसाच्या पावलांचे.

“कुणाची ढोरं शिरली रे?” ती ओरडली.

पण फाटकाला कुलूप. चारी बाजूनं तारेची उंच जाळी. बकरूसुद्धा शिरणार नाही.

तिनं गोणपाट ओढून सगळं पुसलं. पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं.

तो गोल टेनिसच्या जाळीखालून जात होता.

जाळी जमिनीपर्यंत टेकलेली. बैल सोडा, मांजर जायचं तर जाळी उचलावी लागेल. ठसे मात्र अलीकडून पलीकडं सरळ गेलेले. जाळी तिथं नाहीच, असे.

नंतर हे रोजचंच झालं. रोज सकाळी माती सारखी करायची, रोज दुपारनंतर तोच गोल.

परमेश्वररावांना सांगितलं. ते म्हणाले, “पोरांची मस्ती असंल, मॅडम. कॅमेरा बसवू.” कॅमेरा बसवला. सकाळचं दिसायचं, संध्याकाळचं दिसायचं. भर दुपारचं मात्र नुसतं पांढरं... ऊन आत शिरल्यासारखं. मी स्वतः तो कॅमेरा तपासला. मशिनीत काही खराबी नव्हती.

एकदा सत्यशीला मुद्दाम दुपारची थांबली. फाटकाबाहेर, लिंबाच्या सावलीत.

आधी वारा पडला.

मग लिंबावरचे होले घुमायचे थांबले.

मग रस्त्यावरचा ट्रॅक्टर... जाताना दिसत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि त्या शांततेत, अगदी हळू... घुंगरं.

छन्... छन्... छन्...

कोर्टावर कुणी नव्हतं. नुसतं ऊन हलत होतं. पण ताज्या भुशाचा वास आला, मळणीच्या दिवसांत यायचा तसा. आणि घुंगरांच्या मागून एक घोगरा, कोरडा पडलेला आवाज...

“हो... हो रे... हो...”

सत्यशीला उठली आणि मागं न बघता घरी आली. आईला विचारलं. मावशी तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तो आपल्याला काही करीत न्हाई. आपण त्याच्या वाटंत जाऊ नये.”

“तो कोण, माय?”

मावशीनं सूप उचललं आणि आत गेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळल्यावर कोर्ट का नाही सोडलं? अहो, सांगायला सोपं आहे. त्याच आठवड्यात बातमी आली. चौदा वर्षांखालच्या मुलींची राज्य स्पर्धा साखऱ्याला! मातीचं कोर्ट पाहिजे होतं, ठरलेल्या गावची व्यवस्था फिसकटली होती, परमेश्वररावांनी सगळा खर्च अंगावर घेतला. पुण्याच्या मोठ्या अकादमीची माणसं पोरी निवडायला येणार होती. आणि यजमान जिल्ह्याची एक खेळाडू थेट आत. ती दीक्षा!

सत्यशीलेनं मनाशी एकच ठरवलं. दुपारी कोर्टावर कुणी जायचं नाही. सामने सकाळी आणि संध्याकाळी. ऊन आहेच, कुणी कारण विचारणार नाही.

स्पर्धा सुरू झाली. मांडव, भोंगे, पुण्या-नागपूरच्या गाड्या. साखऱ्याच्या बायाबापड्या रांगेत बसून मान डावीकडून उजवीकडं करत होत्या. एक म्हातारी म्हणाली, “पोरी एकमेकीला चेंडू देऊन परत काहून घेऊन राहिल्या?” पण दीक्षा जिंकली की टाळ्या सगळ्यात आधी तिच्याच.

आणि दीक्षा जिंकत गेली. उपांत्य फेरीपर्यंत!

उपांत्य सामना पुण्याच्या पोरीशी. सकाळी सुरू झालेला, काही केल्या संपेना. एक सेट हिचा, एक तिचा. तिसरा अर्ध्यात आला, ऊन डोक्यावर आलं. पंचांनी सामना थांबवला. उरलेला संध्याकाळी. दीक्षा मागं पडलेली होती. सर्व्हिस सारखी जाळीत जात होती.

सगळे मांडवात जेवायला गेले. सत्यशीला अकादमीच्या माणसांशी बोलत बसली. ते म्हणत होते, पोरीचा हात चांगला आहे. तिला आभाळ ठेंगणं झालं.

वळून बघते तर दीक्षा जागेवर नाही.

ताट तसंच. बूट खुर्चीखाली.

रॅकेट नव्हती.

“दीक्षा?”

मांडवाच्या मागं नाही. गाडीत नाही. नळावर नाही.

मग वारा पडला... आणि मांडवातला भोंगा वाजता वाजता गप्प झाला.

सत्यशीला पळाली. मोडक्या गुडघ्यानं, चप्पल कुठं पडली कळलं नाही. फाटक उघडं होतं. रॅकेट दारातच पडलेली.

आणि कोर्टावर दीक्षा चालत होती.

गोल.

अनवाणी. त्या तव्यासारख्या मातीवर. उजवा हात पुढं केलेला, मूठ आवळलेली. मान खाली. तिच्या पुढं कुणी नव्हतं, पण माती उडत होती... खुरांखालून उडावी तशी.

छन्... छन्...

ती जाळीपाशी आली.

पोरगी जाळीतून पलीकडं गेली. जाळी हललीसुद्धा नाही.

“दीक्षा!” सत्यशीला आत घुसली, पोरीला कवेत घेतलं. कशाचं काय! त्या काडीसारख्या पोरीनं तिला चार पावलं फरफटत नेलं, हात सुटला, आणि पोरगी चालतच राहिली. तिच्या ओठांवर पांढरी खरपुडी आली होती. मागं उठणारं पाऊल लाल दिसत होतं.

दर फेरीला फाटकासमोर आली की ती मान जराशी वर करायची. स्वतःच्याच बारीक आवाजात विचारायची...

“मालक आले का?”

“बाळा, मी आत्या आहे! थांब!”

फेरी. पुन्हा फाटक.

“मालक आले का?”

“आले! आले मालक! थांब आता!” सत्यशीला रडत ओरडली.

दीक्षानं फाटकाकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. ती पुढं चालू लागली.

तेवढ्यात फाटकात पंचफुला मावशी आली. जेवण टाकून आली होती, हात खरकटाच. नातीला बघितलं आणि तिच्या तोंडून शब्द फुटला तो एवढाच... “बाबा.”

मग ती सत्यशीलेवर ओरडली. जन्मात ओरडली नव्हती तशी.

“परमेश्वररावाला आण! त्याला जमत न्हाई म्हणू देऊ नको, धरून आण!”

परमेश्वरराव आले. आधी हसतच आले. “काय झालं बाई, एवढी काय तकलीफ—” आणि फाटकातच थांबले. त्यांनीही घुंगरं ऐकली.

मावशी त्यांच्यासमोर उभी राहिली. जे पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीला नाही, ते तिनं तिथं उन्हात उभं राहून सांगितलं.

“माझा बाप कोंडीबा. तुमच्या आज्याचा सालगडी. ह्याच खळ्यावर पात हाकत होता. तुमचा आजा बाजाराला गेला आन् सांगून गेला, मी येईस्तोवर पात थांबली न्हाई पाह्यजे. तो दिवसभर आलाच न्हाई. रांजण तिथं लिंबाखाली भरलेला होता. पण तुमच्या रांजणाला आमी हात लावायचा न्हाई. वरून ओतायला कुणी नव्हतं. मी भाकर घेऊन आले तवा बाप मेढीपाशी पडलेला. बैल तसेच फिरत होते.”

परमेश्वररावांचा चेहरा मातीसारखा झाला.

“हुकूम तुमच्या घरचा हाय. तुमच्याच तोंडानं मोडा. लवकर! पोरगी मरंल माझी!”

“काय... काय म्हणू?”

“म्हणा, बैल सोडा.”

दीक्षा फाटकासमोर आली. मान वर झाली. “मालक आले का?”

परमेश्वररावांनी दोन्ही हात जोडले. कुणाला, त्यांनाच ठाऊक. फाटक्या आवाजात म्हणाले, “आलो. मी आलो. सोडा... बैल सोडा आता.”

घुंगरं थांबली.

मग एकदम खूप वाजली, मोकळी, उधळल्यासारखी... आणि तारेच्या कुंपणातून ओढ्याच्या बाजूनं दूर दूर गेली. वारा सुटला. मांडवातला भोंगा मध्येच गाऊ लागला.

दीक्षा जाळीपाशी कोसळली.

हिंगोलीच्या दवाखान्यात सलाईन लागली. तळपाय फोडांनी भरलेले. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, वेळेवर आणली, वाचली. उजवी मूठ उघडायला दोन नर्स लागल्या. तळव्यावर आडवा वळ होता. डॉक्टर म्हणाले, रॅकेटचा असेल. सत्यशीला जन्मभर रॅकेट धरत आली. रॅकेटचा घट्टा कुठं पडतो, तिला ठाऊक होतं. हा दोराचा वळ होता.

सामना पुण्याच्या पोरीला दिला गेला. पण ऐका, अकादमीच्या माणसांनी सकाळचा खेळ बघितला होता. त्यांनी दीक्षाला घेतलं!

सत्यशीला माझ्या दुकानात पेढे घेऊन आली तेव्हा हसत पण होती, रडत पण होती.

आणि कोर्ट शांत झालं. गोल नाही, खूर नाहीत, पावलं नाहीत. दुपारी होले घुमायचे. परमेश्वरराव पूजा घालू म्हणाले, मावशी म्हणाली, काही गरज न्हाई. त्यांनी लिंबाखाली पाण्याचे माठ ठेवले, कुणीही यावं, हातानं घेऊन प्यावं. मावशी पहिल्यांदाच त्यांना बरं बोलली.

संपलं, असं आम्हाला वाटलं.

दीक्षा पुण्याला जायच्या आदल्या दिवशी बॅग भरत होती. बोलता बोलता सहज म्हणाली, “आत्या, त्या दिवशी तिथं एक बाबा होते.”

सत्यशीलेच्या हातातला कपडा तसाच राहिला. “कोण बाबा?”

“म्हातारे न्हाई, पण लई थकलेले. मी सर्व्हिस करायला गेले होते. ते म्हणाले, लेकरा, एवढा दोर जरा धर. मी पानी पिऊन येतो. मी येईस्तोवर पात थांबू देऊ नको.”

चुलीपाशी बसलेल्या मावशीनं मान वळवली.

“आन् तू दोर धरला?”

“व्हय. त्यांना लई तहान लागली होती, आजी.”

“मग दिला का माघारी?”

“कुणाला देऊ? ते आलेच न्हाईत.”

मावशीनं पदर तोंडाला लावला.

मला हे सत्यशीलेनं सांगितलं तेव्हा मी आधी बावळटासारखा म्हणालो, अगं मग काय झालं, बैल तर सुटले ना?

“बैल सुटले,” ती म्हणाली. “मालकानं बैलच सोडले. दोर कुणी घेतलाय?”

पोरगी पुण्याला गेली. खेळतेय चांगली. पण मागच्या महिन्यात अकादमीच्या वसतिगृहातल्या बाईंचा फोन आला. तक्रार नव्हती, काळजी होती. म्हणे, दुपारच्या सुट्टीत बाकीच्या पोरी झोपतात. ही मागच्या कोर्टावर जाते, बूट काढते, आणि गोल चालते. विचारलं तर म्हणते, सराव.

तेव्हापासून मावशी रोज दुपारी साखऱ्याच्या कोर्टावर जाऊन बसते. तांब्या भरून घेऊन. एकदा सत्यशीला मागं गेली आणि तिच्या पाया पडली.

“माय, बोलाव ना त्यांना. तुझं ऐकतील. म्हणावं, पोरीच्या हातातला दोर घ्या.”

“कसं बोलावू?” मावशी म्हणाली. “पन्नास वर्सांनी माझा बाप पानी प्यायला गेलाय, शीले. त्याला फिरून जुंपायला बोलावू?”

“आणि दीक्षा?”

मावशीला रडू फुटलं. कोंडीबा माझाही आजा. तो गेला तेव्हा माझी आई आजीच्या पोटात होती.

परवाची गोष्ट. सत्यशीला माझ्या दुकानात बसली होती. दुपार होती, रस्ता ओस. तिचा फोन वाजला. दीक्षा. आवाज मलाही ऐकू येत होता, आणि पोरीला धाप लागलेली होती.

“आत्या... ते बाबा पाणी पिऊन आले का?”

सत्यशीलेनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले. आवाज घट्ट करून ती म्हणाली, “हो बाळा. आले. तू सोडून दे दोर.”

तिचे कान लाल झालेले मला दिसले.

पलीकडं नुसती पावलं... अनवाणी, एकामागून एक.

“खोटं नको बोलू आत्या,” पोरगी म्हणाली. “अजून माझ्याच हातात हाय.”

फोन बंद झाला.

तेव्हापासून मी दुकानाबाहेर माठ भरून ठेवतो. दुपारी कुणी थकलेला माणूस उन्हातून आला की मी हातातलं काम खाली ठेवतो. मी आधी त्याचे पाय बघतो, मग पाणी देतो.

कारण एखाद्या दिवशी तोच आला, पोटभर पाणी प्याला आणि सावलीत टेकला... तर त्याला काय सांगायचं, ते माझं अजून ठरत नाही.